दोन कंपन्या, एक पायरी

इंदिरानगरच्या आमच्या चौकात कोणत्या कंपनीचा मोबाइल खपायचा, हे आमची बायको ठरवायची. हसायचं तर हसा. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं घरी बसून दोन मोबाइल दुकानांची तोरणं ओवत होतो. मी मारलेली गाठ तिनं ओढली, ती सुटली. "आवं, जन्म गेला फुलांत, अजून गाठ नाय येत तुम्हाला!" मी म्हणालो, "तू हायेस ना." तेवढंच बोलणं झालं. मग तिनं तोरणं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली.

तिची फुलांची जागा म्हणजे त्या दोन दुकानांची मधली पायरी. डावं दुकान एका कंपनीचं, उजवं त्या कंपनीच्या हाडवैऱ्याचं. एकानं फोनवर कानात घालायची बोंडं फुकट दिली, की दुसरा मनगटी घड्याळ द्यायचा. एकानं दारात ढोल लावला, की दुसरा अस्वलाच्या कपड्यात माणूस नाचवायचा. पायरी दोघांची निम्मी निम्मी, त्यामुळं एक जरी रुसला तरी हिची टोपली गटाराशी. झालंही होतं तसं. पहिल्या दसऱ्याला डाव्याचं तोरण चुकून हातभर लांब झालं. उजव्यानं टोपली खाली उतरवली, आणि ही दिवाळीपर्यंत उन्हात बसली. तेव्हाच तिनं ठरवलं, की दोन्ही दुकानं जगली पाहिजेत, आणि आपणच पुढं आहोत असं दोघांनाही वाटलं पाहिजे.

नवा फोन घेतला की माणूस कुंकू लावून त्याला फूल वाहतोच. डावीकडच्या फोनला ही पिवळा झेंडू द्यायची, उजवीकडच्याला केशरी. पिवळी टोपली लवकर रिकामी व्हायला लागली, की पुढचं गिऱ्हाईक ती उजवीकडं वळवायची. "दादा, तिकडं लय गर्दी हाय, इकडं जा, निवांत दाखवतील." केशरी संपत आली की उलटं. दोन्ही दुकानदार तिला आपलीच समजायचे आणि चहा पाठवायचे. दोन्ही चहा ती प्यायची.

एकदा मुंबईहून त्यातल्या एका कंपनीचा टाय लावलेला साहेब आला. हातातल्या यंत्रावर विक्रीच्या रंगीत चकत्या दाखवून म्हणाला, "आजी, आमचा मार्केट शेअर इथं निम्म्यावरच अडलाय. का, तेच कळत नाही." ही टोपल्यांकडं बघत म्हणाली, "निम्मा लागतो बाबा माणसाला. सगळा घेऊन काय करशील?" जाताना तो तिला नवा फोन फुकट द्यायला लागला. घेईल तर ती कसली! "ह्यांचा घेतला तर त्यांच्या दाराला कोणत्या तोंडानं तोरण बांधू?" स्वतःचा बटणाचा फोन ती रबर गुंडाळून कमरेच्या पिशवीत ठेवायची. तो कोणत्या कंपनीचा, हे मलाही कधी सांगितलं नाही.

तोरण देताना ती डाव्याच्या कानात सांगायची, "तुमचं वीतभर जास्त केलंय, बोलू नका." उजव्यालाही तेच. इतकी वर्षं दोघंही गप्प होते.

त्या दसऱ्याच्या पहाटे ती उठलीच नाही.

सकाळी दोघंही दुकानदार घरी आले, सणाच्या नव्या कपड्यांत. दोघांनी शटर उघडलंच नव्हतं. तोरणं कोपऱ्यात तशीच होती. सुतकातलं तोरण दुकानाला चालत नाही, म्हणून मी ती उचलली. का कोण जाणे, दोघांसमोर हातानं मोजली. अकरा. अकरा.

डावा म्हणाला, "मला तर म्हणायच्या, तुमचं वीतभर जास्त."

उजवा म्हणाला, "मलाही."

दोघं एकमेकांकडं बघून हसले, आणि हसता हसता रडायला लागले. इतक्या वर्षांत त्यांना एकमेकांशी बोलताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

मी दोन्ही तोरणांची टोकं एकत्र घेतली. तिच्या अंगावर दोन्हींचं मिळून एकच घालायचं होतं. पण गाठ काही बसेना. शेवटी डाव्यानं इकडून धरलं, उजव्यानं तिकडून, आणि मी ओढली.