कारभाऱ्याचं नाव

लखमा कारभाऱ्यानं आपलं मेलेलं पोर नेऊन तहसीलदाराच्या टेबलावर ठेवलं, असं मानोऱ्याच्या बाजारात अजून सांगतात. सांगणारा दर वेळी टेबलाची लांबी वाढवतो. आमच्या वडिलांच्या शिलाई मशीनजवळ बसून मी ही गोष्ट सात तऱ्हांनी ऐकली आणि सातही तऱ्हा मला हुबेहूब करता येतात.

खरं एवढंच, की पोर तोवर पुरलेलं होतं. टेबलावर ठेवला तो तांब्या. त्यात बंजाऱ्यांच्या तांड्याच्या झिऱ्याचं पाणी होतं. त्याच झिऱ्यात गुरं उतरतात, त्यातूनच बाया घागरी भरतात. त्या उन्हाळ्यात तांड्यातली नऊ माणसं पटकीनं गेली, नववं त्याचं पोर. तहसीलदारानं विचारलं, हे काय आणलं? लखमा म्हणाला, "प्या."

तंबाखू मागावी तसा म्हणाला, असं तिथला पट्टेवाला सांगतो. तेव्हापासून त्याला रडताना कोणी पाहिलं नाही आणि हसतानाही नाही. मी सगळ्या गावाचा आवाज काढतो, पण लखमाचा मला जमत नव्हता. त्या आवाजाला चढ नाही, उतार नाही. धरायचा कुठून?

तांड्यात नायकाच्या खालोखाल कारभारी. तरुणपणी जऊळक्याकडं रेल्वेचे रूळ पडत होते तेव्हा लखमा खडी टाकायला गेला. मुकादमाची हिंदी आणि कारकुनाची उर्दू तिथं कानावर पडली, ती घेऊन परतला. मग कोणाची गाय कोंडवाड्यात पडली, कोणाची कुऱ्हाड जंगलच्या शिपायानं हिसकावली, की माणसं लखमाला पुढं घालून कचेरीत जात. तो टेबलासमोर उभा राहून तेच तेच बोलत राही. कंटाळून कारकून काम करून टाके.

विहिरीचं काम मात्र होईना. कारकून नाकातून म्हणे, "बोऽर्डाचं काम आहे, बोऽर्डाला सांगा." लोकल बोर्डावर बारा वर्षं आमच्या गावचे दौलतराव. बोलण्याआधी तीनदा खाकरणारा माणूस. ते म्हणत, होईल, होईल. बोर्डाची विहीर झाली ती त्यांच्या वावराच्या धुऱ्याला, बांधाला लागून. मग पस्तीस साली लखमानं ठरवलं, बोर्डावर आपणच जायचं.

अर्ज भरताना त्याचं नाव सुचवायला धाकटा भाऊ सोमला सोबत गेला. साहेबानं विचारलं, कोणाचं नाव सुचवता? सोमलाचं तोंड उघडलं ते तसंच राहिलं. वडीलधाऱ्याचं नाव तांड्यात तोंडानं घेत नाहीत. शेवटी लखमानं आपलं नाव आपणच सांगितलं आणि सोमलानं अंगठा दिला. पट्टेवाल्यानं ही गंमत बाजारभर केली. सोमलाचं उघडं तोंड मी त्याच दिवशी उचललं.

पुढच्या बाजारी लखमा बंडी शिवायला आला. शेतसारा भरणारालाच मत, त्यामुळं तांड्यात मतं अवघी एकवीस. मी म्हटलं, "कारभारी, एकवीसच्या एकवीस तुमचेच."

"अकराही नाई पडत," तो म्हणाला.

"लावता शर्त? मी जितलो त तुमी भर बाजारात एकदा हासा."

"आन् हारला त?"

"तुमी म्हनान ते करीन."

वडिलांनी माझ्याकडं पाहून मशीन जोरात चालवली. लखमा बंडी घेऊन गेला.

मतदान शाळेत झालं. ज्याला वाचता येत नाही त्यानं साहेबाजवळ जाऊन नाव सांगायचं, साहेब खूण करणार. तांड्यातले आले ते धुतलेले कपडे घालून, एका रांगेत. पहिल्यानं सांगितलं, "कारभारी." साहेब म्हणाला, कारभारी प्रत्येक तांड्यात असतो, नाव सांगा. तो म्हणाला, आमचा कारभारी. साहेबानं कागद कोराच ठेवला. असे नऊ कागद कोरे राहिले.

पाचजण साहेबाच्या खेकसण्याला घाबरले. नाव सांगितल्याशिवाय बाहेर जाता येत नाही, असं त्यांना वाटलं. दौलतरावांचं नाव घ्यायला त्यांना आडकाठी नव्हती. त्यांनी ते घेतलं. लखमाला सात मतं पडली, एक त्याचं स्वतःचं आणि सहा त्याच्याहून वयानं मोठ्या माणसांची.

दौलतराव बारा मतांनी आले. हे सगळं मतदारांनीच तांड्यात येऊन सांगितलं. कोणी लपवलं नाही. आपलं काही चुकलं, हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं.

लखमा मशीनजवळ आला तेव्हा मी दौलतरावांचं विजयाचं भाषण करून दाखवत होतो, खाकरण्यासकट. ते संपेपर्यंत तो उभा राहिला.

"सात," तो म्हणाला. "हारला तू. चाल."

"कुठं?"

"तांड्यात. दारोदार माह्यं नाव घे. मले सांगता येत नाई त्याइले. तुह्या तोंडून ऐकून कानाले सवय होईल."

"पन पुढचं मतदान तीन वर्सानं हाये."

"मनूनच आज."

तो तांड्याबाहेर झिऱ्याकडं पाठ करून बसला, कारण त्याच्यादेखत कोणी बोललंच नसतं. मी पहिल्या दारात साहेब झालो, कपाळाला आठी घातली आणि विचारलं, "बोला, मत कोणाला?" सोमला पोट धरून हसला. मी म्हटलं, म्हणा, लखमा रूपला. तो हसायचा थांबला आणि आत गेला. शेजारच्या रुपाबाईच्या नावावर नवऱ्यामागं जमीन आली होती. ती म्हणाली, "सासरा लागते तो माहा. कायले पाप करवतं रे पोट्ट्या?" तिनं पाणी दिलं. गढूळ होतं. मी प्यालो.

नाव न घेतलेल्यांची चौदा दारं झाली. नाव चौदा वेळा घेतलं, ते मीच. शेवटी शेवटी ते सपाट येऊ लागलं होतं, चढ नाही, उतार नाही.

शर्त एका फेरीची की किती फेऱ्यांची, हे आम्ही ठरवलंच नव्हतं. पुढच्या बाजारी तो पुन्हा मशीनजवळ येऊन उभा राहिला.