नेपल्सचा मामा

आमच्या असोद्याच्या ओट्यावर इटलीचं गाणं वाजलं, असं मी जळगावात कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात. हसू देत. मी स्वतः त्या सकाळी बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, थापत होते, हात ज्वारीच्या घाट्याने लडबडलेले होते, आणि गाणं सुरू झाल्यावर ते हात जागच्या जागी थांबले. ज्या भाषेतलं अक्षर कळत नाही त्या भाषेत कुणी गळा काढला, तर ते आपल्याला आतून का कळावं? मला याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

कॅसेट आणली होती माझ्या दिराने. भाऊजी मालवाहू बोटीवर इंजिनात कामाला होते. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. त्या सुट्टीत ते भलामोठा टेपरेकॉर्डर घेऊन आले, तेव्हा आमचा ओटा म्हणजे गल्लीचं थेटर झाला. सगळ्यांना नाचाची गाणी हवी होती. ती इतकी वाजली, की समोरच्यांची म्हैससुद्धा कंटाळली असेल. मग एका सकाळी, गल्लीतल्या बाया आमच्याकडे बिबड्यांना जमलेल्या असताना, भाऊजींनी कुणाला न विचारता ही दुसरी कॅसेट लावली.

बायांच्या मधोमध अक्का बसल्या होत्या. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं माहेर धुळ्याकडचं, त्यामुळे त्यांचं अहिराणी, 'आहे'ला 'शे' आणि 'सगळा'ला 'बठ्ठा', आमच्या गावच्या बोलीत कधी मिसळलं नाही. बाया त्यावरून त्यांची फिरकी घ्यायच्या आणि अक्का व्याजासकट परत करायच्या. बाई कडक. रेडिओ लागला तरी कपाळावर आठी. त्यांना गाणं आवडतं की नाही, हे मला सहा वर्षांत समजलेलं नव्हतं.

सहा वर्षं म्हणजे माझ्या लग्नापासून. आणि त्या लग्नातच घोळ झाला होता. अक्कांचा एकुलता एक भाऊ, माझ्या नवऱ्याचा मामा, मांडवातला मानाचा पाहुणा. टॉवेल-टोपी देताना नेमकी त्याच्यापाशी येऊन टोपी संपली. कुणीतरी नुसता टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकला आणि पुढे सरकलं. मामा भरल्या ताटावरून उठला तो गेलाच. मी मुंडावळ्यांच्या आडून एक उंच माणूस पाठमोरा जाताना पाहिला, तेवढीच आमची ओळख. नव्या नवरीचा पायगुण, असंही दोघी-तिघी बोलल्या. मला त्याचं वाईट वाटलं नाही. एका टोपीपायी तोंड फिरवून बसलेल्या त्या दोघा बहीण-भावांचा मात्र भारी राग यायचा.

राग यायचा तो विशेष करून आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला. आमच्या खानदेशात आखाजीला लेकी माहेरी जातात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. नातवंडं झालेल्या बायाही जातात. पण आपण होऊन जायचं नाही. भाऊ न्यायला येतो, तो मुऱ्हाळी, तो आला की निघायचं. मामा सहा वर्षं आला नव्हता. "बलावाशिवाय मी जावाव नही," असं अक्का ठणकावून सांगायच्या आणि आखाजीच्या आदल्या दिवशी अंगण दोनदा झाडायच्या. दाराकडे पाठ करून गहू निवडत बसायच्या, पण फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला की हात थांबायचा. ते बघवायचं नाही.

त्या सकाळीही आखाजी तोंडावर आली होती. टेपमधून आधी तारांची बारीक किणकिण आली, मग एका म्हाताऱ्याचा आवाज. सुरुवातीला तो काहीतरी सांगत असल्यासारखा गात होता, शेजारच्याला घरची हकिगत सांगावी तसा. मग आवाज चढायला लागला. चढता चढता मला वाटलं, आता हा फाटणार. आणि खरंच फाटला. गाणाऱ्याने तो सावरला नाही, झाकला नाही, त्या फाटक्या जागेवरच तो उभा राहिला आणि तिथूनच पुढचा सूर उचलला. मी असं कधी ऐकलं नव्हतं. आपल्याकडे पुरुषाला रडू आलं की तो खाकरतो, गोठ्यात जाऊन येतो. हा बाप्या भर बाजारात छाती उघडी करून उभा होता आणि त्याला त्याची लाज नव्हती.

"वहिनी, हे नेपल्सचं जुनं गाणं," भाऊजी हळूच म्हणाले. "तिथले लोक पोटासाठी बोटीत बसून दूर देशी जायचे. पुष्कळांचं परत येणं व्हायचंच नाही. बंदराबाहेर एक म्हातारा अशी गाणी म्हणत बसायचा. आमच्या बोटीवरचा एक जण तिथलाच, तो ऐकताना भिंतीकडे तोंड करायचा. त्यानेच ही कॅसेट दिली."

प्रत्येक कडव्याच्या शेवटी एकच शब्द यायचा. लांबवलेला, वर जाऊन खाली येणारा. माऽऽमा.

गाणं संपलं. बाया पुन्हा थापायला लागल्या. अक्कांचे हात मात्र मांडीवर तसेच पडलेले होते.

"परत लाव," त्या म्हणाल्या.

भाऊजींनी परत लावलं. या वेळी अक्कांनी मान खाली घातली आणि त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून एक थेंब परातीत पडला. माझी सासू रडताना मी पहिल्यांदा पाहत होते. मला भीतीच वाटली.

"मामाले हाका मारी ऱ्हायना हाऊ," अक्का म्हणाल्या. "केव्हाना हाका मारी ऱ्हायना. याना मामा काब येत नही?"

शेजारची एक हसली. भाऊजी मात्र गडबडले. "अक्का, मामा नाही म्हणत तो. त्यांच्यात आईला मम्मा म्हणतात. तो आईला हाक मारतोय."

मला वाटलं, आता अक्का खजील होतील. कसल्या होतात! त्यांनी पदराने नाक पुसलं आणि भाऊजींकडे असं पाहिलं, की जग फिरून आलेला तो माणूस पुन्हा शाळेतला झाला.

"मायले कोनी इतल्या हाका मारत नही," त्या म्हणाल्या. "माय एक हाकमा येस. जो येत नही, त्यालेच इतल्या हाका मारन्या पडतस."

भाऊजींना शब्दाचा अर्थ ठाऊक होता, अक्कांना हाकेचा. मी दोघांच्या मध्ये बसले होते. समुद्र या बाईने चित्रातही नीट पाहिला नव्हता. आणि सातासमुद्रापलीकडचा एक म्हातारा तिच्या परातीपाशी येऊन, तिने सहा वर्षं गिळलेलं सगळं मोठ्याने बोलून गेला होता. कुणासाठी गायला असेल तो, कुठल्या धक्क्यावर, कुणाची बोट सुटताना? त्याला असोदा माहीत असायचं कारण नव्हतं. तरी त्याने गाठलं.

पुढचे दिवस त्या कॅसेटचेच. अक्का स्वयंपाक करता करता सांगायच्या, "ते मामानं गानं लाव." ऐकताना त्यांचे ओठ हलायचे. एकदा मी चुलीपाशी गेले तर त्या बारीक आवाजात गुणगुणत होत्या. ते नेपल्सचं नव्हतं, झोक्यावरचं काहीतरी आपलंच होतं, पण शेवटचा सूर त्या म्हाताऱ्यासारखा लांबवत होत्या. सहा वर्षांत मी त्यांच्या तोंडून पहिला सूर ऐकला. मी पाणी न घेताच मागे फिरले.

आखाजीच्या आदल्या दिवशी अंगण एकदाही झाडलं गेलं नाही. अक्का न्हाऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून, पिशवी भरून ओट्यावर उभ्या होत्या.

"कोनी उनं नही?" कुणी न्यायला आलं नाही का, असं मी त्यांच्याच बोलीत विचारलं. थट्टेची सवय, दुसरं काय.

"नही उनं," त्या म्हणाल्या. "तू चाल. आन त्याले बी सांग."

असे आम्ही तिघं निघालो: अक्का, भाऊजी आणि मी. जळगावहून धुळ्याच्या एसटीत जागा मिळाली. पिशवी भाऊजींनी मागितली, मी मागितली, कंडक्टरने वर ठेवा म्हणून सांगितलं. अक्कांनी ती मांडीवरून हलू दिली नाही. मला वाटत होतं, मामाने दारातून परत पाठवलं तर ही बाई पुन्हा कधी तोंड उघडणार नाही. धुळ्याच्या अलीकडे फाट्यावर उतरून आम्ही चालत गावात गेलो.

मामा ओसरीत खाटेवर बसला होता. उंच माणूस, पण आता पाठीत वाकलेला. त्याने बहिणीला पाहिलं आणि नजर भुईला लावली.

"कोन उना व्हता तुले लेवाले?" त्याने विचारलं.

"कोनी उनं नही, म्हनीसन मीच उनू." अक्का उंबऱ्याबाहेरच थांबल्या. "पोरे मामाले हाका मारी ऱ्हायनात. तुले ऐकू येत नही का?"

"कोनतं पोर हाका मारी ऱ्हायनं?" मामा वैतागून म्हणाला.

अक्का बाजूला सरकल्या. त्यांच्या मागे तिशी उलटलेले, मिशीवाले भाऊजी उभे होते, घामाने भिजलेले. मग ते म्हणाले, "मामा." सूर नाही, काही नाही. तेवढाच शब्द, आणि तो मधेच फाटला.

मुऱ्हाळी बहिणीच्या घरी आला की सगळ्यात आधी तिच्या हातातली पिशवी घेतो, ही आमच्याकडची रीत. मामा खाटेवरून उठला, उंबरा ओलांडून बाहेर आला, आणि त्याने अक्कांच्या हातातली पिशवी घेतली.