दोन व्याही, एक कंपनी आणि न झालेला करार

सावद्याच्या बाजूला जायची वेळ आली की ती घटना मला आजही आठवते, म्हणून निवृत्तीनंतर मी तिकडे जाणं जवळपास बंद केलं आहे. लग्नाची आमंत्रणं येतात, मी धुळ्याहून आहेर पाठवून देतो. खात्यातल्या आठवणी लिहिणारे बहुतेक अधिकारी आपली यशस्वी प्रकरणं लिहितात. कागदोपत्री हे प्रकरणही यशस्वीच होतं. त्याबद्दल मला वरिष्ठांची शाबासकी मिळाली होती. खरं काय घडलं ते आज लिहितो आहे. नावं घेणार नाही.

तेव्हा मी केळीच्या पट्ट्यातल्या एका ठाण्याचा निरीक्षक होतो. तिथल्या ठाण्याचं कामही केळीच्या हंगामावर चालतं. कटाई जोरात असली की वजनकाट्यावरची बाचाबाची, ड्रायव्हर-हमालांची मारामारी, बागेतून घड कापून नेल्याच्या तक्रारी. अशाच एका सकाळी गावातले वजनदार गृहस्थ ठाण्यात आले. सगळे त्यांना नाना म्हणत. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "साहेब, माह्या व्याह्यानं माले बुडवलं. लिहून घ्या."

व्याही म्हणजे त्यांच्या सुनेचे वडील. त्यांना सगळे आबा म्हणत. शिरपूरकडच्या शीतगृहात यंत्रं सांभाळण्यात आबांची उमर गेली होती. मुलगी नानांच्या घरी दिल्यावर दोघांनी मिळून केळी पिकवण्याचं चेंबर काढलं. तिथे गॅस दिला की कच्ची केळी पिकू लागतात; थंडी वाढवली की पिकणं थांबतं, पण फार वाढवली तर माल काळा पडतो. जागा नानांची, यंत्रं आबांची. त्यासाठी एलएलपी नोंदवली. ही भागीदारीच असते, पण कंपनीसारखी नोंदलेली. धंदा बुडाला तरी भागीदाराच्या घरादारावर सहसा टाच येत नाही.

नानांची तक्रार अशी की चेंबर कच्च्या मालानं भरलेलं असताना आबांनी मुद्दाम थंडी वाढवून सगळा माल नासवला. मी जाऊन पंचनामा केला. केळी वरून काळी पडली होती आणि सोलून पाहिली तर आतून कच्ची होती. चेंबरवरचा कामगार सातपुड्याच्या पायथ्याचा होता, तो घाबरून गावी पळाला होता. दुपारी माझ्या खबऱ्याचा फोन आला की आदल्या संध्याकाळी आबांना चेंबरमध्ये शिरताना लोकांनी पाहिलं आहे. आबा रोजच संध्याकाळी तिथे जात, हे मी विचारलंच नाही. खबर आपल्याला हवी तशी आली की अधिकारी पुढचा प्रश्न विचारत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो.

विश्वासघात आणि नुकसानीचा गुन्हा नोंदवून आबांना ताब्यात घेतलं.

माणूस किडकिडीत, पांढरी टोपी, बोलणं अहिराणी. तासभर ते एकच सांगत होते, "गॅस मी दिधा साहेब. थंडी मी नही वाढाई."

"मग कोणी वाढवली?"

ते टोपी सारखी करू लागले.

"आबा, चेंबरवर हुकूम कोणाचा चालतो? तुमचा की नानांचा?"

"दोन्हीसना."

"दोघांचा कसा चालेल? करारात काय लिहिलंय?"

"करार नही करेल."

मी हसलो. हवालदारही हसले. एवढी यंत्रं आणली, कंपनी नोंदवली, आणि करार नाही? आबा माझ्याकडे बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "साहेब, जेले पोर दिधी, तेले कागद कसा मांगू?"

ज्याला मुलगी दिली त्याच्याकडे कागद कसा मागायचा. आमच्या खान्देशात हे कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. मुलीच्या बापानं करार मागितला, की त्याचा अर्थ तो व्याह्यावर विश्वास ठेवत नाही, आणि त्या अविश्वासाची किंमत मुलगी रोज चुलीपाशी मोजते. हे मलाही कळत होतं. पण मी त्या वाक्याचा उपयोग वेगळाच केला.

मी हात उचलला नाही. नेहमीच उचलावा लागत नाही. मी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणालो, "आबा, मुलगी आजही त्यांच्याच घरात आहे ना? हे प्रकरण जितकं ताणाल तितकं तिला जड जाईल. सांगून टाका, मी दोन्ही घरं समजावतो."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "बठ्ठं मीच करं. लिखी ल्या." सगळं मीच केलं, लिहून घ्या.

पोलिसांपुढची कबुली न्यायालयात चालत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण ती गावात चालते. संध्याकाळी वार्ताहर आले तेव्हा मी चहा मागवला आणि त्यांना नाव, गाव, कबुली असं सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी बातमी आली. व्याह्यानेच व्याह्याला बुडवले, असा मथळा होता.

बातमी आली त्याच दिवशी आबांची मुलगी डबा घेऊन ठाण्यात आली. डोक्यावर पदर, सोबत कोणी नाही. सून एकटी ठाण्यात येते ही त्या गावात लहान गोष्ट नव्हती. ठाणे अंमलदार तिला बसा म्हणाला, ती बसली नाही.

"साहेब, थंडी वाढवायचा फोन सासऱ्यांनी केला होता. मी तिथेच वरण फोडणीला टाकत होते. दिल्लीचा व्यापारी माल उशिरा उचलणार म्हणून त्यांनी कामगाराला सांगितलं, थंडी लाव, माल थांबव."

"किती थंडी कर म्हणाले?"

"ते नाही सांगितलं. नुसतं लाव म्हणाले. आबांनी गॅस देऊन ठेवलाय हे त्यांना माहीतच नव्हतं. आणि त्यांनी फोन केलाय हे आबांना माहीत नव्हतं."

"हे तुम्ही घरी बोललात?"

"बोलले. सासूबाई म्हणाल्या, तुला कोणाच्या घरात राहायचंय ते आधी ठरव." ती माझ्या टेबलावर हात टेकून उभी होती. "ठरवलं मी. माझा जबाब लिहा."

कोठडीतून आबांनी ऐकलं होतं. ते गज धरून ओरडले, "साहेब, हिना काई लिखू नका! ही पागल शे! पोरी, घर जाय!"

"तुम्ही गप्प बसा, आबा."

"तू गप बस! तुनं घर मोडी जाई."

"मोडायचं ते मोडलं आजच्या पेपरात."

बाप-लेक गजांच्या आरपार भांडत होते आणि सगळं ठाणं ऐकत होतं. मी तिला शांतपणे सांगितलं की वडील म्हणतात ते तुमच्या भल्याचं आहे, घरी जा, मी बघतो. तिचा जबाब मी घेतला नाही. तिचा संसार वाचवतो आहे अशी मी स्वतःची समजूत घातली. बातमी छापून आली होती आणि ती फिरवायची मला लाज वाटत होती, हे खरं कारण होतं.

चार-पाच दिवसांनी कामगार सापडला. घाबरत म्हणाला, "आबा म्हणाले गॅस दे, दिला. नाना म्हणाले थंडी लाव, लावली. दोघं मालक. कोणाचं नाही म्हणू?"

म्हणजे गुन्हा घडलाच नव्हता. दोन मालकांनी एकमेकांना न विचारता दोन उलटे हुकूम दिले आणि दोन्ही पाळले गेले. मी नानांना बोलावून घेतलं.

"फोन तुम्ही केला होता, नाना?"

"केला. मालक हाये मी. फोन करायला का व्याह्याची परवानगी घेऊ?"

"मग फिर्याद कशाला दिली?"

नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, "साहेब, माही पोरं आता धंद्यात उतरली. एका म्यानात किती तलवारी घालू? व्याह्याले म्हटलं, आता तुम्ही मोकळे व्हा. त्यांनी ऐकलं नाही. वकिलाले विचारलं, तो म्हणे करार नाही, तुम्ही त्यांना काढू शकत नाही. मग मी काय करू?"

काढायची सोय करारात नव्हती, म्हणून ती त्यांनी माझ्या ठाण्यात शोधली. आणि मी ती करून दिली.

अशा प्रकरणात 'क' समरी पाठवता येते. प्रकार दिवाणी स्वरूपाचा आहे, फौजदारी गुन्हा झालेला नाही, असा तो अहवाल. मी पाठवला नाही. दोषारोपपत्र पाठवलं. कामगाराचा जबाब घेतला तो अर्धाच घेतला. नानांच्या फोनचा भाग त्यात आला नाही. पुढे माझी बदली झाली. खटला रेंगाळला आणि आबा सुटले, पण संशयाचा फायदा मिळून. गावाच्या भाषेत त्याचा अर्थ, केलं होतं पण वकील चांगला मिळाला. नानांकडे मात्र कोणी निकालाची वाट पाहिली नव्हती. गुन्हा नोंदवल्यापासून वर्षाच्या आतच आबांच्या मुलीला माहेरी धाडलं होतं. चोराची पोर म्हणून. तिचा लहान मुलगा ठेवून घेतला. आबा सुटल्यावर फार जगले नाहीत.

निवृत्तीनंतर मी धुळ्यातल्या एका जुन्या स्नेह्याला, जो कंपन्यांची कामं करणारा वकील आहे, हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, एलएलपीत लेखी करार नसेल तर कायदाच आपला ठरलेला नमुना लावतो. त्यात सगळे भागीदार सारखे, कामकाजात प्रत्येकाला हात घालायचा हक्क, वाद झाला तर बहुमत, आणि कोणाला काढायचं म्हटलं तर नुसतं बहुमतही पुरत नाही.

"दोघांत बहुमत कुठून आणायचं?" मी विचारलं.

"तेच तर. म्हणून एक पान तरी लिहावं लागतं. हुकूम कोणी द्यायचा, दोघांचं पटलं नाही तर शेवटचा शब्द कोणाचा, कोणाला बाहेर पडायचं असेल तर कसं, कोणी मेला तर त्याच्या घरच्यांना काय. भांडण झाल्यावर हे कोणी लिहीत नाही. चहा एका कपबशीत पितात तेव्हाच लिहून होतं."

लोक म्हणतात करार अविश्वासातून होतो. तीस-पस्तीस वर्षं भांडणं पाहून माझं मत उलटं आहे. करार असता तर आबांना आपल्या तोंडानं काहीच मागावं लागलं नसतं. आधीच लिहिलेलं असतं, आणि मुलीच्या बापाचा मान राखून ते दाखवता आलं असतं. घरातल्या घरात धंदा करणाऱ्यांनी तर परक्यापेक्षा आधी लिहावं, कारण परक्याशी वाकडं आलं तर धंदा मोडतो, घरच्याशी आलं तर काय काय मोडतं ते मी पाहिलं आहे. आणि पोलिसांसाठी एवढंच, की दिवाणी भांडण घेऊन येणारा माणूस तुमच्याकडे न्याय मागत नसतो, तुमचा दंडा उसना मागत असतो.

हे लिहून झाल्यावर मी आबांच्या मुलीला भेटलो. ती आता धुळ्यातच असते, शिवणकाम करते. तिनं मला ओळखलं आणि ओट्यावरच बसवलं, आत नाही. मी कागद पुढे केले. तिनं ओट्यावरच्या शिलाई मशीनच्या दिव्याखाली सगळे वाचले, मधेच एकदा मागचं पान काढून पुन्हा पाहिलं.

"आबांचं नाव कुठे आहे?"

"आठवणींत आम्ही नावं घालत नाही."

"बातमीत होतं, साहेब. गावासकट होतं."

मी म्हणालो, "तुम्ही म्हणत असाल तर घालतो. आबांचं, नानांचं, माझं, सगळी घालतो."

ती कागदांच्या कडा जुळवत बसली. रस्त्यावरून शाळेची रिक्षा गेली, ती जाईपर्यंत तिनं मान वर केली नाही.

"आबांचं घातलं की नानांचं कळेलच ना सगळ्यांना?"

"कळेल."

"मग राहू द्या," ती म्हणाली आणि कागद माझ्याकडे सरकवले. "माझा मुलगा त्या घरात आहे."