तहसीलदार आणि सातवे कलम

तहसीलदारसाहेब माझ्या राहत्या घरात छातीपर्यंत बुडाले, हे खरे आहे. मात्र त्या वेळी आमच्या घरात एका घागरीपेक्षा अधिक पाणी नव्हते, हेही तितकेच खरे आहे.

ही हकीकत कापसाच्या तेजीच्या दिवसांतली. सातासमुद्रापलीकडे कुठेशी लढाई जुंपली आणि इकडे आमच्या अमरावतीत बैलांच्या शिंगांवर पितळी शेंब्या चढल्या. शहर असे अंगाने वाढू लागल्यावर त्याच्या बंदोबस्तासाठी सरकारने कमिटी नेमण्याचे ठरवले. प्रत्येक पेठेतून एक असामी घ्यायची होती. आमच्या पेठेतून दोन नावे गेली. एक कापसाच्या एका अडत्याचे आणि दुसरे माझे. मी अर्जनवीस. कचेरीबाहेरच्या निंबाखाली बसून निम्म्या तालुक्याची गाऱ्हाणी मी कागदावर उतरवीत असे. (माझे शिक्षण त्रैराशिकाच्या उंबरठ्यावरच थांबले होते, परंतु भाषेच्या भारदस्तपणात माझा हात धरणारा थेट अकोल्यापर्यंत कोणी नाही, असे निदान माझे मत होते.)

तहसीलदार उमेदवारांच्या घरी येऊन, कमिटीत बसून तुम्ही आधी काय करणार, हे विचारणार होते. मी कलमे तयार केली. पहिले कलम जळजळीत होते: राहत्या घरात कापूस साठवण्यास सक्त मनाई असावी, कारण एका ठिणगीने सबंध पेठ भस्मसात होईल. दुसऱ्यात रस्त्यावर कंदील, तिसऱ्यात वेशीवर घंटा, चौथ्यात कमिटीच्या सभासदांस हाताच्या खुर्च्या. पाचवे आणि सहावे आता आठवत नाहीत. पण फार वजनदार होते.

आमच्या कारभारणीचे मागणे एकच होते. गल्लीतली विहीर गाळाने भरली होती आणि पेठेतल्या बायका परकोटाबाहेरून डोईवर पाणी आणीत होत्या. ते मागणे मी सातव्या कलमात घातले. कलमे ऐकून ती म्हणाली, "कंदिलाच्या उजेडात लोकायनं काय पाहाचं? गाळाची विहीर?"

स्त्रियांना क्रमवारीचे महत्त्व कळत नाही, असे मी तिला समजावले.

दुसऱ्याच दिवशी तिचा भाऊ सोनाजी चांदुराहून कापसाच्या गाड्या घेऊन दारात उभा! मी कचेरीत असताना भावाबहिणीने मिळून तो सगळा कापूस आमच्या बैठकीच्या खोलीत ओतला. घरी येऊन पाहतो तो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, खिडकीला टेकलेला पांढरा डोंगर.

"सोनाजी, विकायचा होता ना?"

"भाव चढून राहिला, भाऊजी. आता इकला तं लोक मले येड्यात काढतीन."

"अरे, माझे पहिले कलमच घरात कापूस नको असे आहे!"

"मंग हे कलम दिवाळीनंतर लागू करा ना," सोनाजी म्हणाला.

गाड्या परत गेल्या होत्या. एवढ्यात शेजारचे कादरभाई पिंजारी बातमी घेऊन आले: उद्या येणारे तहसीलदार आजच निघाले असून गल्लीच्या तोंडाशी पोचले आहेत. परंतु संकटात बुद्धी चालते ती अर्जनविसाचीच. मी सोनाजीला त्या ढिगावर नाचायला लावले. जरा सपाट झाल्यावर वर सतरंजी, तिच्यावर पांढरी चादर, भिंतीशी दोन तक्के, आणि चढण्यासाठी खाली पाट. एखाद्या संस्थानिकाला हेवा वाटावा, अशी बैठक तयार झाली.

कादरभाईंनी कसबी नजरेने ती न्याहाळली. "मुनशीजी, ये गादी पे बच्चे को भी मत बिठाना," एवढे म्हणून ते दाराशी तमाशा पाहायला उभे राहिले.

तहसीलदार देहाने भरभक्कम होते. ते पाटावरून बैठकीवर चढले, मध्यभागी विसावले आणि "गादी चांगली जाड आहे" असे म्हणून मला वाचण्याची खूण केली. मी पहिले कलम सुरू केले. 'राहत्या घरांतील कापूस' इथपर्यंत येतो तो साहेबांच्या मांड्या दिसेनाशा झाल्या. कंदिलाच्या कलमाला ते कंबरेपर्यंत गेले. सतरंजीची टोके चहूबाजूंनी उचलली गेली आणि तक्के घरंगळून त्यांच्या खांद्यांना येऊन टेकले. मी वर पाहिले नाही. कारण अशा प्रसंगी वाचनात खंड पडणे बरे नव्हे. हाताच्या खुर्च्यांचे कलम आले तेव्हा त्यांची छाती आत गेली होती.

"अर्जनवीस," ते शांतपणे म्हणाले, "अजून किती कलमे आहेत?"

तेवढ्यात त्यांच्या पट्टेवाल्याने साहेबांचा हुक्का आणला. चिलमीत निखारे फुललेले! पेठ भस्मसात होईल, हे मीच नुकते खड्या आवाजात वाचले होते. पट्टेवाला पाटावर पाय ठेवतो न ठेवतो तोच स्वयंपाकघराच्या दाराआडून कारभारीण बाहेर आली आणि तिने अख्खी घागर हुक्क्यावर रिकामी केली. हुक्का विझला. साहेबांची पगडीही विझली.

परक्या पुरुषापुढे कधी न बोललेली ती बाई पदर सावरून म्हणाली, "माफ करा जी. तुमच्या बुडाखाली माह्या भावाचा कापूस हाये."

कादरभाईंनी आणि सोनाजीने दोन्ही बगलांत हात घालून साहेबांना उपसून काढले. मिशांपासून पायांच्या बोटांपर्यंत कापूस ओल्या अंगाला चिकटलेला. ते माझ्याकडे पाहत राहिले, मी कागदाकडे. शेवटी त्यांनी प्यायला पाणी मागितले.

"पानी नाय जी," कारभारीण म्हणाली. "होतं ते आताच तुमच्यावर टाकलं. परकोटाबाहेरून आनलं होतं."

"गल्लीत विहीर नाही?"

"हाये ना. गाळानं भरली. ह्यायच्या कागदात हाये ते बी. सातव्या नंबरले."

साहेब हसू लागले. इतके हसले की अंगावरचा वरवरचा कोरडा कापूस रुईच्या म्हाताऱ्या उडाव्यात तसा घरभर उडू लागला. निघताना ते म्हणाले, "अर्जनवीस, तुमची शिफारस मी करतो. पण कागद उलटा धरा आणि सातव्यापासून सुरुवात करा. कापूस मात्र उद्याच्या उद्या बाहेर."

सोनाजीने कापूस विकला, कुरकुरत का होईना. मी कमिटीवर गेलो. आणि कंदिलांच्या आधी विहीर उपसली गेली. तळाशी झरा इतका जिवंत निघाला की मजूर ओलेचिंब होऊन हसतच वर आले. नवे कठडे बांधले, रहाट बसवला. पाणी काढण्याच्या दिवशी सगळी पेठ जमली. अडत्याने हार आणला होता, तो मला घालण्यासाठीच, अशी माझी समजूत होती. त्याने तो रहाटाला घातला.

मी भाषण करणार, इतक्यात कारभारणीने माझ्या हाती दोर दिला. "कमिटीवाले, पयली घागर तुमीच काढा."

आयुष्यात विहिरीवर न गेलेल्या माझ्या हातांनी मी स्वतः घागरीला गाठ मारली, ती भारदस्तपणे खाली सोडली आणि ओढू लागलो. दोर फारच हलका लागला. सगळ्यांनी कठड्यावरून वाकून पाहिले.

तहसीलदारसाहेब निदान बाहेर निघाले होते. घागर अजून आतच आहे.