न होऊ दिलेले रन

ठक्... ठक्... आमचे मराठीचे गुरुजी वर्गाकडून कविता म्हणून घेताना टेबलावर डस्टर आपटायचे. शब्दावर नाही, यतीवर. जिथे क्षणभर थांबायचं, तिथे. "थांबला नाहीत तर वृत्त कोसळेल रे, गाढवांनो!" जन्म सरत आला, पण तो आवाज अजून कानात आहे...

गेल्या रविवारी डब्लिनच्या एका मैदानावर तो आठवला, आणि माझं डोकं फिरलं.

मी सध्या डब्लिनजवळ ल्यूकनला मुलाकडे असतो. सून मानसी इथल्या एका हौशी, बायका-पुरुष मिळून खेळणाऱ्या क्लबात बेसबॉल खेळते. जळगावला कॉलेजात सॉफ्टबॉल खेळायची, तो हात इथे कामी आला. नवऱ्याच्या व्हिसावर डिपेंडंट म्हणून आलेली मुलगी, नोकरीचं अजून जमत नाहीये... आमच्या इस्टेटमध्ये, म्हणजे कॉलनीत, सगळ्यांसाठी ती 'निखिलची बायको'. त्या मैदानावर मात्र ती नुसती मानसी असते. त्या एका दुपारवर ती आठवडा काढते, हे मला दिसतं.

बॅटिंग तिची बेताचीच. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे ती उभी असली की तिथून बॉल जाईल तर शप्पथ! अंग झोकून अडवते, उठता उठता पहिल्या बेसकडे फेकते, पळणारा आऊट. तिच्यामुळे आम्ही कितीतरी मॅच चार-तीन, तीन-दोन अशा जिंकल्यात.

आणि मॅच संपली की कप्तान डेक्लन काय करतो? एक जुनी गवती हॅट, ज्याने सगळ्यात जास्त रन काढले त्याच्या डोक्यावर घालतो. टाळ्या, फोटो, सगळा क्रॅक, म्हणजे इथल्या भाषेत मौजमजा, त्याचा. अडवलेल्या रनला हॅट नाही. जे झालंच नाही ते दिसणार कोणाला...

रविवारी सेमीफायनलच्या तीन मॅचमधली पहिली होती. आणि या गृहस्थाने मानसीला बाकावर बसवलं! म्हणे, फील्डिंगला ती ग्रँड आहे, पण आता आपल्याला मारणारे हवेत. तिच्या जागी एक आडदांड गडी उभा केला. त्याने मारले, नाही कशाला म्हणू... बॉल दोनदा कुंपणापार गेला. पण तितकेच त्याच्या पायांमधूनही गेले. आम्ही बारा रन काढले आणि तेरा देऊन हरलो.

बारा काढून हरलो! अरे, साधी वजाबाकी आहे ही. एक रन काढला काय आणि समोरच्याचा एक अडवला काय, फरक तेवढाच पडतो. पाच काढून चार देणारा जिंकतो, बारा काढून तेरा देणारा मान खाली घालून घरी जातो. आमच्या गुरुजींनी यती सोडणाऱ्याला बाकावर उभं केलं असतं. इथे यती सांभाळणारीलाच, बॉल थांबवणारीलाच, बाकावर बसवलं...

मला राहवलं नाही. पोराची तक्रार घेऊन आपल्याकडे वडीलधारं माणूस हेडमास्तरांकडे जातं ना, तसा मी तरातरा कप्तानापुढे गेलो. "आय ॲम हर फादर-इन-लॉ," म्हटलं. तो शेजारच्याला म्हणाला, "हा कोण, हिचा एजंट?" सगळे फिदीफिदी हसले. मानसी तेवढी हसली नाही.

मानसी घरी आल्यावर फुटली. "बाबा, मी काय चौथीत आहे का हो? आता कुठल्या तोंडाने जाऊ तिथे? नाहीच खेळायचं मला." आणि ग्लोव्ह स्वयंपाकघरातल्या कपाटात, तांदळाच्या डब्यामागे ढकलून दिला.

"बाबा, इथे असं चालत नाही," निखिल म्हणाला.

"मग काय चालतं? बारा काढून तेरा द्यायचे, हे चालतं?"

तेव्हापासून घरात फक्त भांडी बोलतात. मी चुकलो... मान्य. जायला नको होतं. पण वजाबाकी मागे घेणार नाही. डेक्लनचा राग येतोच आहे, आणि माझ्यामुळे पोरीचा रविवार गेला म्हणून माझाही.

आत्ता हे लिहीत होतो तर बेल वाजली. दार मीच उघडलं. बाहेर आमच्या टीमचा पिचर, पॉड्रिग... एरवी 'हाय'च्या पुढे न जाणारा दांडगा माणूस, पावसात डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला. मला वाटलं, आता हाही चार शब्द सुनावणार.

"हरलेली मॅच पिचरच्या, म्हणजे माझ्या नावावर लागते," तो म्हणाला. "बारा रन काढणाऱ्यांच्या नाही. डेक्लनला सांगून आलोय... ती माझ्या मागे उभी नसेल, तर येत्या रविवारी मी बॉल टाकणार नाही."

मी काही बोलणार होतो. पण तो माझ्या खांद्यावरून आत बघत होता.

"मानसी आहे का घरात?"

या दारात येऊन हे पहिल्यांदाच कुणी विचारलं. मी बाजूला झालो.