नजरेचा रकाना

हातातला कोळशाचा तुकडा काका कमरेच्या उंचीवरून कोब्यावर सोडायचे आणि मान वाकडी करून ऐकायचे. काचेसारखा खणकन आवाज आला की म्हणायचे, "वाजला. घ्या आत." आवाज बसका आला की पोतं परत. "वाजला पाहिजे, भाई. न वाजणारा कोळसा म्हणजे अजून लाकूडच."

कोळसा नारळाच्या करवंट्यांचा होता आणि तो येत होता मकरपुऱ्याकडच्या एका लहान पोलाद कारखान्यात, विजेच्या भट्टीसाठी. हे ऐकून तुम्हाला हसू येईल. मलाही आलं होतं.

भट्टीवरचे लोक त्यांना मिस्त्री म्हणत, मी काका म्हणत असे. त्यांचं नाव मी लिहीत नाही. का, ते पुढे येईल. त्यांचे आजोबा गायकवाडी फौजेत होते, एवढं ते कुणालाही पहिल्याच भेटीत सांगत. "ते तोफेपाशी उभे राहायचे, मी भट्टीपाशी. शेक तोच."

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील खंडेराव मार्केटात भाजीच्या पाट्या उचलत. नव्वदीची वर्षं होती. बरोबरची मुलं अलकापुरीत कॉम्प्युटरच्या क्लासला जात होती आणि मला मेटलर्जीला प्रवेश मिळाला होता. मेटलर्जी म्हणजे नेमकं काय, हे मला अजून घरी नीट सांगता आलं नव्हतं. ते मला सांगता येऊ लागलं काकांमुळे.

भंगार विजेच्या ज्वाळेने वितळवायचं, मग त्यात कार्बन किती आहे ते बघायचं. कमी असेल तर कोळसा टाकायचा, कारण पोलाद किती कडक होणार ते कार्बनवर ठरतं. त्याआधी थोडा कोळसा वर तरंगणाऱ्या मळीवरही फेकायचा. मळी फेसाळून फुगते, ज्वाळेला झाकते आणि भट्टीचा कानठळ्या बसवणारा आवाज एकदम खाली येतो. हे सगळं पूर्वी दगडी कोळशाच्या कोकवर चाले. कोकात गंधक असतं आणि ते पोलादात उतरतं. काका दोन वर्षं शेठच्या मागे लागले होते, की झाडाचा कोळसा घ्या, त्यात गंधक जवळजवळ नाही. "नारळ देवाला चालतो, तुमच्या भट्टीला का चालू नये?"

शेवटी शेठनी कंटाळून महिन्याची मुदत दिली, "एक महिनो आपुं छुं, काका. न चाल्युं तो पाछो कोक."

त्याच महिन्यात मी प्रोजेक्टसाठी तिथे गेलो. माझं काम सोपं होतं. भट्टीच्या प्रत्येक खेपेला, म्हणजे हीटला, किती किलो कोळसा पडला ते लिहायचं. मग काकांनी कार्बन किती सांगितला ते, आणि शहरातल्या प्रयोगशाळेने किती सांगितला ते. तीन रकाने: वजन, नजर, प्रयोगशाळा. प्रयोगशाळेचा कागद दुसऱ्या दिवशी येई आणि भट्टी तेवढं थांबत नाही, म्हणून खरं चालायचं ते नजरेवर. लांब दांड्याच्या पळीतून नमुना काढून त्याचा तुकडा ग्राइंडरला लावायचा. ठिणग्या उडतात आणि पुढे जाऊन फुटतात. जितकी फुटणारी फुलं जास्त, तितका कार्बन जास्त. काका दोन क्षण बघत आणि म्हणत, "कमी आहे. अजून दोन पाट्या टाका."

डोळ्यांवर निळी काच ते कधीच लावत नसत. "काचेतून भट्टीचा खरा रंग दिसत नाही," म्हणायचे. तीस वर्षं ते उघड्या डोळ्यांनी त्या उजेडात बघत आले होते.

दहा दिवसांतच तक्रारी सुरू झाल्या. ओतलेली चाकं कातायला लेथवर चढली की हत्यारं तुटू लागली. लेथवरचे रमणभाई रोज एक तुटकं टोक आणून काकांच्या टेबलावर ठेवत आणि म्हणत, "ल्यो, तमारो प्रसाद." शेठ एकदा दारातूनच ओरडले, "काका, तमारुं नाळियेर तो बहु कडक नीकळ्युं!" सगळे हसले. काका हसले नाहीत. त्या दिवशी त्यांनी प्रत्येक पोत्यातला तुकडा टाकून पाहिला. सगळे वाजले.

मी फारसा हुशार नव्हतो, पण वही नेटकी ठेवत असे. एका दुपारी रकाने एकाखाली एक वाचताना मला दिसलं, की काकांचा आकडा प्रयोगशाळेच्या आकड्यापेक्षा नेहमी कमीच होता. कोळसा बेभरवशाचा असता, तर चूक कधी इकडे झाली असती, कधी तिकडे. ती सारखी एकाच बाजूला होती: कार्बन पुरेसा असतानाही काका आणखी कोळसा टाकायला सांगत होते. मधे दोन दिवस माल आला नाही म्हणून जुना कोक वापरला होता. त्या दोन दिवसांतही तसंच.

मग मला बाकीच्या गोष्टी आठवायला लागल्या. काकांनी ग्राइंडर ओढून कोपऱ्यात नेला होता आणि खिडकीवर गोणपाटं टांगली होती. "उजेड फार झालाय हल्ली." एकदा खिळ्याला अडकवलेल्या एप्रनवर ते खेकसले होते, "बाजूला हो रे, मध्ये काय उभा राहतोस!" आम्हाला वाटलं गंमत करताहेत. आम्ही हसल्यावर तेही हसले होते.

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "एवढ्या मोठ्या माणसाला तू शिकवणार?" मी दोन दिवस गप्प बसलो. महिना संपायला चार दिवस उरले होते. मी बोललो नाही तर कोळसा जाणार होता. बोललो तर काका.

तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती हात लांब करून धरली, जवळ आणली आणि मला परत दिली. "वाच."

मी वाचलं.

"सगळ्या वेळा कमीच म्हणालो?"

"हो, काका."

"कोकवरसुद्धा?"

"दोन्ही दिवशी."

त्यांनी बशीतला चहा संपवला. "मग नारळाचा काय गुन्हा?"

एवढंच म्हणाले. माझ्यावर रागावले असते तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ग्राइंडरपाशी उभं केलं आणि स्वतः पाठीमागे उभे राहिले. "मला दिसतं ते सोड. तुला काय दिसतं ते सांग. अंदाज नको, नुसतं वर्णन."

"ठिणगी सरळ जाते, टोकाला फुटते."

"किती ठिकाणी?"

"तीन... नाही, चार. आणि फांदीला परत बारीक फांद्या."

"प्रत्येकीला?"

"बऱ्याच जणींना."

"पुरे. आता काही टाकू नका. ओता."

पाट्या भरून उभे असलेले लोक बघतच राहिले. शेवटच्या तीनही हीट आम्ही अशाच केल्या, माझे डोळे आणि त्यांची जाण. तिन्ही कागद जुळले. रमणभाई चाक लेथवरून उतरवून स्वतः घेऊन आले. "लोण्यासारखं कापलं, मिस्त्री. प्रसाद बंद."

शेठ खूश झाले. मी सांगायला काय हरकत होती, की कोळशाची सवय व्हायला थोडे दिवस गेले? मी तसं तोंड उघडलंही होतं. काकांनी माझ्या दंडाला हात लावून थांबवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "शेठ, कोळसा पहिल्या दिवसापासून बरोबर होता. माझ्या डोळ्यांत पडदा आलाय. मला कळत होतं, मी बोललो नाही. या पोराच्या वहीत सगळं आहे."

कोळसा राहिला. सोमवारपासून ग्राइंडरवर दुसरा माणूस आला.

रिपोर्ट लिहिताना मी नजरेचा रकाना गाळला. कच्ची प्रत वाचून दाखवायला काकांच्या घरी गेलो तर ते मधेच म्हणाले, "माझा रकाना कुठाय?"

"काका, तो नसला तरी चालतं."

"कसं चालतं? माझी चूक काढून टाकलीस तर ती कोळशाच्या नावावर जाईल. घाल परत. माझं नाव नको घालूस. नुसतं 'नजर' लिही."

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं त्याच रकान्यावर बोट ठेवलं. "हा तर सगळा चुकलेला आहे. ठेवलास कशाला?"

मला इंग्रजीत नीट सांगता येईना. शेवटी मी मराठीतच म्हणालो, "सर, त्या चुकीमुळेच बाकीचं खरं ठरतं." त्यांनी पान उलटलं.

रिपोर्टची बांधलेली प्रत काकांना द्यायला मी कारखान्यात गेलो, तेव्हा ते नव्हते. डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि ते मुलीकडे इंदूरला राहायला गेले होते. जाण्याआधी एकदा सगळ्यांना भेटून गेले, असं रमणभाई म्हणाले.

"डोळे कसे आहेत?"

"एकदम चोख. प्रत्येकाच्या तोंडासमोर उभा राहिला, बराच वेळ बघत. मग मला म्हणतो, अरे रमण, तू एवढा म्हातारा कधी झालास?" रमणभाई हसले, मग लेथ पुसायला लागले. "डॉक्टरने झगमगाट बघायची ना पाडली आहे, बिलकुल मनाई. भट्टी चालू होती. तिच्याकडे पाठ करून बसला, चहा प्यायला आणि गेला."