मानद सभासद

काही माणसं जन्मभर काही करत नाहीत आणि तरीही कायम घाईत असतात. सेक्रेटरी त्यातलेच. पोटासाठी ते एका गोदामात हजेरी लावत, पण जीव सगळा घरामागच्या मैदानावरच्या क्रिकेट क्लबात. स्वतः खेळण्याच्या नावाने शून्य. त्यांच्या हातात बॅट लाटण्यासारखी दिसायची. त्यांचं कसब निराळंच होतं. चेंडू बाहेर जाऊन कुणाचं काही फोडून आला, की तो कुणीच मारलेला नाही हे ते सिद्ध करून दाखवत.

"बॅट्समनने मारला म्हणता, पण बोलरने टाकलाच नसता तर?" अशी सुरुवात व्हायची. "आणि बोलर टाकतो कप्तानाच्या सांगण्यावरून. कप्तान तर आज आलेलाच नाही."

समोरचा डोकं धरून घरी जाई. जो जात नसे, त्याच्यासाठी सेक्रेटरींनी एक नामी युक्ती काढली होती. ज्याचं नुकसान झालं त्याला क्लबचा मानद सभासद करून टाकायचं. फ्रेम केलेलं प्रशस्तिपत्र द्यायचं आणि मैदानातल्या फळ्यावर ठळक अक्षरांत नाव रंगवायचं. कोपऱ्यावर कपडे शिवणाऱ्या काकूंच्या दुकानाची दर्शनी काच फुटली तेव्हा ते अख्खी टीम घेऊन गेले. काकू भांडायच्या तयारीतच उभ्या होत्या. पण टाळ्यांचा असा कडकडाट झाला की बाई विरघळली.

"आता क्लब तुमचाच, काकू. आपल्याच क्लबाकडे कुणी भरपाई मागतं का?"

काच काकूंनी पदरमोड करून बसवली. पुढे सायकल दुरुस्तीवाल्याचं छप्पर गेलं आणि तोही सभासद झाला. निर्लज्जपणाला मेहनतीची जोड मिळाली की असे क्लब भरभराटीला येतात.

स्वतःपुरता मात्र सेक्रेटरींनी चोख बंदोबस्त केला होता. घर बायकोच्या नावावर, स्कूटर मेव्हण्याच्या नावावर. "उद्या कुणी कोर्टात गेलाच तर माझ्याकडून काय नेणार? चप्पल?" असं ते चारचौघांत सांगत, आणि वर हसत. एकदा त्यांच्याच स्वयंपाकघराची काच फुटली. बायको दवाखान्यात नर्स. ड्यूटीवरून येऊन बघते तर चेंडू दुधाच्या पातेल्यात. "क्लबाकडून काच बसवून घ्या," ती म्हणाली. या गृहस्थाने तिचंही नाव फळ्यावर रंगवून तिला प्रशस्तिपत्र आणून दिलं, तेही टाळ्यांसकट! खिडकीच्या भोकाला ते बरोबर बसत होतं, म्हणून बायकोने ते तिथेच ठोकलं.

मग तो रविवार आला. एक खेळाडू कमी पडला म्हणून सेक्रेटरी पॅड बांधून उतरले. डोळे मिटून त्यांनी बॅट फिरवली आणि आयुष्यात पहिल्यांदा चेंडू बॅटच्या मधोमध लागला. झाडांवरून, रस्त्यावरून तो थेट दातांच्या डॉक्टरांच्या खिडकीतून आत गेला. आ वासून खुर्चीत पडलेला पेशंट वाचला. डॉक्टरांचं नवंकोरं एक्स-रेचं यंत्र गेलं. असला सिक्सर त्या मैदानावर कुणी पाहिला नव्हता. सेक्रेटरींची छाती फुगली, आणि डॉक्टर मैदानात शिरताना दिसले तशी लगेच उतरली.

"तसं पाहिलं तर चेंडू कुणीच मारलेला नाही," ते म्हणाले. पोरांनी निमूटपणे माना डोलावल्या.

डॉक्टर प्रशस्तिपत्राला भुलले नाहीत. त्यांच्या वकिलाने सभासदांच्या फळ्याचा फोटो काढला आणि त्यावरच्या प्रत्येकाला नोटीस धाडली: क्लबाची कुठे नोंदणी नाही, तेव्हा नुकसान सगळ्या सभासदांनी मिळून भरावं. खेळणारी पोरं आईबापांच्या जिवावर जगणारी. भरण्याजोगं काही होतं ते मानद मंडळींकडेच.

काकू नोटीस घेऊन आल्या. "माझी काच तुम्ही फोडलीत. आता त्यांचं यंत्रही मीच भरू? शिलाई मशीन विकू का?"

"काकू, सभासद म्हटलं की सुखदुःख वाटून घ्यायचं," सेक्रेटरी म्हणाले. हे बोलताना त्यांची जीभ झडली नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

संध्याकाळी बायकोने तसलाच लिफाफा त्यांच्यापुढे टाकला. सेक्रेटरींचा चेहरा खर्रकन उतरला.

"अगं, मागची तारीख टाकून राजीनामा दे! सांग, मला त्यातलं काही कळत नाही म्हणून."

"चेंडू कुणी मारला?"

"तसं पाहिलं तर..."

"घरात तरी नीट बोला."

ते छताकडे बघत बसले. बायकोने चपला घातल्या आणि ती डॉक्टरांकडे गेली.

घराची पुढची खोली रस्त्याच्या बाजूला, मैदानापासून लांब होती. क्लबाचं ऑफिस तेच. तिथे त्यांची आरामखुर्ची होती आणि केवळ भाग घेतल्याबद्दल मिळालेले कप होते. ती खोली तिने डॉक्टरांना नुकसान फिटेपर्यंत बिनभाड्याने देऊ केली. डॉक्टरांनाही चेंडूंचा वीट आलेला. काकूंची, सायकलवाल्याची, सगळ्यांचीच नोटीस त्यांनी मागे घेतली.

हमालांनी कप पोत्यात भरायला घेतले, तेव्हा सेक्रेटरी गोदामातून धावत आले. काकू दारातच उभ्या होत्या.

"मला न विचारता?"

"घर माझं आहे," बायको म्हणाली. "तुम्हीच केलंत माझ्या नावावर."

हमालांनी आरामखुर्ची उचलली आणि सेक्रेटरींचा धीर सुटला. "थांबा! मी मारला होता तो चेंडू! पाहिजे तर माझ्या पगारातून कापून घ्या, पण माझी खोली..." काकूंकडे लक्ष गेलं तसे ते गप्प झाले. काकूंच्या शिलाई मशीनसाठी ही जीभ उचलली नव्हती.

"मला माहीत आहे," बायको म्हणाली. "मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. काय सुरेख मारला होतात! तुम्ही लगेच कबूल केलं असतंत ना, तर पैसे मी भरले असते आणि वर सगळ्या दवाखान्यात सांगत फिरले असते, की माझ्या नवऱ्याने सिक्सर मारला."

हमाल खुर्ची घेऊन दारात खोळंबले होते. सेक्रेटरी बाजूला झाले.